भोंग्यावरचं अर्धं वाक्य

६ एप्रिल, सोमवार

दवाखान्यातली नवी नर्स आली होती. यारेली नाव. पोरगीच आहे. कॉफी प्यायली, खुर्चीच्या काठावर टेकली आणि म्हणते, "डोन मेलितोन, चार-पाच रविवार तुमचा भोंगा पाहिजे."

मला वाटलं लशीचा पुकारा असेल. लस, डास, टाकीत टाकायची पावडर, सगळं मीच वाचतो. लग्न, मयत, हरवलेलं गाढव, ताजं कापलेलं डुक्कर. तीस वर्षं ह्या गावाला जे कळतं ते माझ्या तोंडून कळतं. पण नाही! हिला माणसं आणून बसवायचीत माझ्या माईकसमोर. ज्यांच्या घरात डोक्याचा आजार आहे त्यांचे आईबाप, भाऊ, बायका. रविवारची चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, सुटला की पाच मिनिटं. "लोक लपवतात," म्हणते. "घरच्यांनीच उघड सांगितलं तर लाज कमी होईल."

म्हटलं, लाज म्हणजे काय ताप आहे, बोलून उतरायला?

हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं?

बोलत माझ्याशी होती, पण नजर दोनदा मागच्या खोलीच्या दाराकडे गेली. तिथे आता मक्याची पोती आहेत. पोत्यांकडे कोण दोनदा बघतं! कुणीतरी हिचे कान भरलेत.

बघतो म्हणालो. तोमासाने तिला न मागता दुसरा कप दिला. मला दुसरा कप तीनदा मागितल्याशिवाय मिळत नाही. माझी बायको आहे ती, नर्सची नाही.

७ एप्रिल, मंगळवार

तोमासा भांडी घासताना गुणगुणत होती. कशाबद्दल?

९ एप्रिल, गुरुवार

बाजाराचा दिवस. तोमासा दोन तास बाहेर, आणि आणलं काय तर तीन कांदे. म्हटलं, पेरून उगवून आणलेस का? म्हणाली, "गर्दी होती." गर्दी नव्हती. मी स्वतः चक्कर मारून आलो होतो.

पाववाल्याकडे एर्मेलिंदा भेटली. समोरच राहते, तोंड टाळता येत नाही.

"काय रे मेलितोन, तुझ्या भोंग्यावर आता वेडे बोलणार म्हणे?"

म्हटलं, वेडे नाही, वेड्यांचे घरचे.

"ते तर जास्तच वेडे! घरातली घाण वेशीवर टांगायची हौस." मग टोपलीत पाव भरत म्हणते, "आपल्याला काय त्याचं? माझा रोके उत्तरेत, तुझा नाबोर उत्तरेत. डॉलर कमावतायत पोरं."

'आपल्याला' वर जोर दिला. मी नीट ऐकलं. जोर दिलाच.

हिला माहीत आहे. अकरा वर्षं मी तिच्याकडे बघतोय, ती माझ्याकडे बघतेय. एक दिवस भर बाजारात बोलून दाखवणार ही बाई.

पण मलाही काही गोष्टी दिसतात. विधवा, घरात एकटी, पोरगा सीमेपलीकडे अमेरिकेत. आणि रोज आठ पाव! आठ! मागच्या खिडकीला पत्रा ठोकलाय, आत दिवसभर रेडिओ. मला कळत नाही का? पुरुष ठेवलाय तिने. ह्या वयात! बोलू दे तिला एकदा माझ्याबद्दल, मग मीही पावांचा हिशेब सांगतो चौकात.

११ एप्रिल, शनिवार

सकाळी गाउदेन्सियो आला. खाटीक. त्याच्या लुसिलाला बाप्तिस्म्याच्या वेळी मीच हातात धरलं होतं, तेव्हापासून तो मला कोंपाद्रे म्हणतो, मी त्याला. दर शनिवारी त्याचा पुकारा असतो, ताजं डुक्कर, चरबी, रक्ताचं सॉसेज. तो वाचून घेतला. तरी उभाच. एप्रन रक्ताने भरलेला, टोपी हातात.

"कोंपाद्रे, उद्या मला बसायचंय."

कुठे बसायचंय?

"माईकसमोर."

मी म्हटलं, तुझ्या घरात कोण आहे तसलं?

टोपी फिरवत म्हणाला, "तुझी धर्मकन्या."

लुसिलाचं रक्त कमी झालंय असं सांगत होता दोन वर्षं. मी विश्वास ठेवला. म्हणजे ठेवल्यासारखं केलं. त्याला नाही म्हणता आलं नाही. एकदा नाही म्हटलं असतं तर नर्सने विचारलं असतं का नाही, आणि मग सगळंच.

१२ एप्रिल, रविवार

बोलला. घाम फुटला होता त्याला. डुक्कर धरतो तसा माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आठवतंय तेवढं लिहितो.

"मी गाउदेन्सियो. माझी लुसिला आजारी आहे. रक्त कमी नाही. आजाराचं नाव लांबलचक आहे, मला वाचता येत नाही, नर्सबाईंकडे लिहिलेलं आहे. तिला कुणी करणी केलेली नाही. अंगावरून अंडं फिरवलं, पाला फिरवला, तीन गावचे जाणते झाले. आता गोळ्या घेते, बरी आहे. शनिवारी डुक्कर कापतो तेव्हा मी ह्या भोंग्यावरून ओरडून सांगतो. पोरगी आजारी पडली तेव्हा मात्र कुजबुजलो. मला त्याची लाज वाटते. तिची नाही वाटत."

एवढंच. उठला, टोपी घातली, गेला.

मी मशीन बंद केलं. चौकात कुणीतरी खोकलं. मग नेहमीसारखं सुरू.

तोमासा दारात उभी होती. शालीच्या पदराने तोंड पुसत होती. एवढी धूळ नव्हती.

१४ एप्रिल, मंगळवार

लिहून टाकतो. वही माझी आहे. तोमासाला वाचता येत नाही, आणि दुसरं कुणी हिला हात लावणार नाही.

नाबोर बावीसचा होता. वायरिंगचं काम माझ्याहून चांगलं करायचा. चर्चच्या मनोऱ्यावरचे दोन भोंगे आणि शाळेवरचा एक त्यानेच चढवलेत. मग एक दिवस म्हणाला, "बाबा, तू माझ्याबद्दल का बोलतोस?"

कुठे बोललो?

"भोंग्यातून. मी झोपलो की बोलतोस. माझं नाव घेतोस. सगळं गाव हसतं."

मी म्हटलं, भोंगा बंद असतो रे. मशीनची वायर काढून हातात देत होतो, बघ म्हणून. तो म्हणायचा, तरीही बोलतोस. जेवायचा नाही. मग मनोऱ्यावर चढला आणि तिथल्या दोन्ही भोंग्यांच्या वायरी कापल्या. दुपारी, सगळ्यांसमोर. माझं नाव घेऊ नको, माझं नाव घेऊ नको — वरून ओरडत होता. लोकांना वाटलं दारू. मी म्हटलं, हो, दारूच. दुसऱ्या आठवड्यात त्याची मागची खोली रिकामी केली आणि त्याला पुएब्ला शहरात मावशीकडे ठेवून आलो. तिथे मोठा दवाखाना आहे. परत आलो तर चौकात चारजण, नाबोर कुठे? म्हटलं, उत्तरेत गेला. सगळ्यांची पोरं जातात. कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

इथवर ठीक होतं. पण दहा मेला आईचा दिवस. गावातल्या बायका चिठ्ठ्या आणतात, पोरांनी तिकडून फोनवर सांगितलेल्या. अमक्या बाईला तिच्या मुलाचा उत्तरेतून नमस्कार, आणि एक गाणं. मी वाचत होतो. भिंतीला टेकून तोमासा उभी. सगळ्या बायकांना नमस्कार आले, तिला नाही. तोंडातून निघून गेलं माझ्या, "तोमासाला तिच्या नाबोरचा उत्तरेतून नमस्कार." गाणंही लावलं.

दुसऱ्या वर्षी वाचणं भाग होतं. तिसऱ्या वर्षी शिकागो म्हटलं. मग छपरं टाकायचं काम. गेल्या वर्षी त्याने ट्रक घेतला.

तेव्हा मी त्याचं नाव घेत नव्हतो. तो गेल्यावर दरवर्षी घेतलं.

१८ एप्रिल, शनिवार

गाउदेन्सियोच्या दुकानाकडे लक्ष ठेवलं. नेहमी नऊला रांग. आज नऊला कुत्रं. दहाला दोन बायका आल्या, टांगलेल्या मांसाकडे बघितलं आणि चालायला लागल्या. एर्मेलिंदा रस्त्याच्या त्या बाजूला उभी राहून म्हणते, "त्या पोरीचा हात लागला असेल हो मांसाला." एवढ्या मोठ्याने की भोंग्याची गरज नाही.

बघ! हेच म्हणत होतो मी. बोलून काय मिळालं?

तोमासा गेली आणि चार किलो घेऊन आली. दोन माणसं आम्ही. म्हटलं, एवढं कोण खाणार?

"तू," म्हणाली. "तोंड तेवढा वेळ तरी बंद राहील."

१९ एप्रिल, रविवार

शिंपीण बोलली, भावाबद्दल. आवाज मी तीनवर ठेवला होता. कुणीतरी मागून येऊन सातवर नेला. खोलीत मी आणि तोमासाच होतो.

२३ एप्रिल, गुरुवार

आज पाठलाग केला. लाज कसली, बायको माझी आहे.

कांद्याची पिशवी घेऊन निघाली. बाजारात शिरलीच नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत गेली. मी पाण्याच्या टाकीआड उभा राहिलो. आत सात-आठ बायका गोलात बसलेल्या, आणि गाउदेन्सियो, मध्ये रांजण ठेवल्यासारखा. आणि बोलत कोण होती? तोमासा! हात हलवत होती. घरात मीठ दे एवढंच बोलते. तिथे बोलतच होती, बोलतच होती, आणि सगळ्या माना हलवत होत्या.

म्हणजे विकलं आम्हाला. कधीपासून? कुणाकुणाला? परत येताना भेटेल त्याच्या तोंडाकडे बघत आलो. पाववाला हसला. हा रोज हसतो की आजच हसला?

२४ एप्रिल, शुक्रवार

भांडण. तोर्तिया थापता थापता बोलली, माझ्याकडे न बघता.

"नाबोरला घरी यायचंय. दहा मेला."

कुणी सांगितलं?

"त्यानेच. दर रविवारी फोन करतो. तू मशीनवर असतोस तेव्हा."

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी समजत होतो महिन्यातून एकदा मावशीच कळवते.

"चार वर्षं झाली, धड आहे तो," म्हणाली. "गोळ्या घेतो. खुर्च्या विणतो, विकतो. तूच तेवढा बघायला जात नाहीस."

म्हटलं, येऊ दे की. मी कुठे नाही म्हणतोय? पण उत्तरेतून आल्यासारखा येऊ दे. दोन दिवस राहील, गावात फिरेल, परत गेला म्हणून सांगू.

तोमासा हसायला लागली. मोठमोठ्याने. मग हसणं थांबलं आणि पीठ तसंच हातात. "म्हाताऱ्या, त्याला घरी यायचंय. फिरायला नाही."

मग म्हणाली, "तीन मेचा रविवार माझा आहे. नर्सकडे नाव दिलंय."

माझ्या मशीनवर? माझ्या घरात? मला न विचारता?

"तुला विचारून अकरा वर्षं गेली."

३० एप्रिल, गुरुवार

सीमेपलीकडच्या जुन्या कपड्यांचा ढीग येतो बाजारात, त्यातून घेतलं. टोपी, पुढे इंग्रजी अक्षरं. चामड्यासारखं दिसणारं जाकीट. पांढरे बूट, जवळजवळ नवे. नाबोरच्या मापाचे असतील असं वाटलं. माप आठवेना खरं तर. बाविसाव्या वर्षाचं आठवतं, तेहतिसाव्याचं मला काय माहीत.

घरी आणून बाकावर मांडलं. तोमासा बघून गेली. दुपारी बघतो तर टोपी अंगणातल्या टर्कीच्या डोक्यावर, आणि टर्की सैरावैरा धावतेय.

"आली बघ तुझी उत्तर," म्हणाली.

मला हसू आलं. दाखवलं नाही.

३ मे, रविवार

क्रमाने लिहितो.

आज पवित्र क्रूसाचा सण. गवंड्यांनी अर्धवट घरांवर क्रूस चढवलेत, कागदी फुलं लावलीत, सकाळपासून दारूकाम चालू. सगळं गाव रस्त्यावर. आजच नेमकं!

मिस्सा सुटला. तोमासा येऊन माईकसमोर बसली. नवी शाल. नर्स दारात. मी मशीनपाशी, हात बटणावर. वाटलं होतं घाबरेल, उठेल. घाबरली नाही.

"मी तोमासा. मेलितोनची बायको. तुम्ही सगळ्यांनी दरवर्षी ऐकलंय की माझा मुलगा उत्तरेतून मला नमस्कार पाठवतो. माझा नाबोर उत्तरेत नाही. तो—"

मी बटण बंद केलं.

ठरवून नाही केलं. बोटाने केलं. ती पुढे बोलतच राहिली. तिला कळलंच नाही. सगळं बोलली, मनोरा, वायरी, गोळ्या, खुर्च्या. खोलीत ऐकायला मी, नर्स आणि भिंती. संपलं तेव्हा तिने मशीनकडे बघितलं. लाल दिवा विझलेला. मग माझ्याकडे. चुलीकडे गेली. नर्स म्हणाली, "डोन मेलितोन, हे तुम्ही काय केलंत!" आणि रडत निघून गेली.

मी विचार केला, बरं झालं. उद्या सांगू, लाइट गेली होती.

अर्ध्या तासाने दार वाजलं. एर्मेलिंदा. हातात मेणबत्ती, किलोभर साखर. डोळे लाल. आत आली, तोमासाला मिठी मारली आणि अशी रडली, अशी रडली की मला संशय आला. हिला एवढं काय? मला वाटलं, सगळं कळलं, आणि आता नाटक करतेय.

मग पाववाल्याची बायको. मेणबत्ती, कॉफी. मग शिंपीण, मेणबत्ती आणि पांढरी फुलं. मग दोघीतिघी मिळून, मक्याची पाटी डोक्यावर. जी येईल ती माझा हात हातात घेत होती. "धीर धरा, डोन मेलितोन." "कुठे, वाळवंट ओलांडताना गेला का?" "देह मिळाला का?"

तेव्हा कळलं.

माझा नाबोर उत्तरेत नाही. तो— आणि शांतता. सगळ्या गावाने पुढचं स्वतःच भरलं. ज्या घरात मयत होतं तिथे आपण मेणबत्ती, साखर, मका घेऊन जातो. त्यांना काय दोष देऊ? मीही तेच केलं असतं.

तोमासा बायकांच्या मध्ये बसलेली. तिला वाटत होतं ही सगळी तिचं बोलणं ऐकून आलीत. सगळ्यांचे हात धरत होती, हसतही होती. मेणबत्त्या दिसत होत्या तिला, पण आज क्रूसाचा सण, मेणबत्त्या सगळीकडेच असतात. मग कोपऱ्यात कुणीतरी मृताच्या आत्म्यासाठी जपमाळ सुरू केली. नाबोरचं नाव घेतलं. तोमासाचा चेहरा बदलत गेला. हळूहळू. मी बघत होतो.

माझ्यापाशी आली. "तू बंद केलंस," म्हणाली. "मी 'तो' म्हणाले आणि तू त्याला मारलंस."

आता हे लिहायलाच हवं, नाहीतर वहीसुद्धा खोटी. एक क्षण मला वाटलं — राहू दे. मेला तर मेला. मेलेल्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. दहा मेला नमस्कार वाचायला नको, ट्रक नको, टोपी नको. सगळं साफ. नऊ दिवस जपमाळ, मग जमिनीवरचा मयताचा क्रूस उचलायचा, संपलं.

देवाने मला माफ करावं. एक नाही, दोन-तीन क्षण.

मग गाउदेन्सियो आला. एप्रन काढून, स्वच्छ सदरा घालून. मला मिठी मारली आणि म्हणाला, "कोंपाद्रे, नाबोरच्या आजाराचं तोमासाकडून कळलं होतं, तो गेला हे आत्ता. निदान शेवटी तरी तू पोराचं ओझं लाज न वाटता वाहिलंस, तिला बोलू दिलंस."

मी त्याला ढकललं. मशीनपाशी गेलो. चालू केलं. आवाज दहावर. मला पुकारे वाचायची सवय, कागदाशिवाय बोलता येत नाही. तरी बोललो.

"लक्ष द्या. लक्ष द्या. मेलितोनच्या घरी कुणीही मेलेलं नाही. पुन्हा सांगतो, कुणीही मेलेलं नाही. माझा मुलगा नाबोर जिवंत आहे. पुएब्लात आहे, मावशीकडे. अकरा वर्षं तिथेच आहे. त्याला डोक्याचा आजार आहे. त्याने वायरी कापल्या तेव्हा तो प्यायलेला नव्हता, मी खोटं सांगितलं. त्याला वाटायचं मी ह्या भोंग्यातून त्याच्याबद्दल बोलतो. तेव्हा मी बोलत नव्हतो. नंतर बोललो. शिकागो खोटं. छपरं खोटी. ट्रकसुद्धा नाही. आत्ता त्याच्या आईचं बोलणं मी मध्येच तोडलं. आता ती बोलेल आणि मी बाहेर उभा राहीन. ज्यांनी मेणबत्त्या आणल्यात त्यांनी परत न्याव्यात."

बाहेर उभा राहिलो. तोमासा पहिल्यापासून बोलली, सगळं. चौकात माणसं टोप्या काढून उभी होती. अजून कुणी मेलंय असं वाटत होतं की काय, देव जाणे.

मेणबत्त्या कुणी परत नेल्या नाहीत.

४ मे, सोमवार

दार बंद करून बसलो. कुणी दगड मारला नाही. कुणी गाढव हरवल्याची चिठ्ठी टाकून गेलं, दाराखालून. नेहमीसारखी.

६ मे, बुधवार

पाववाला हसला. विचारलं, का हसतोस? म्हणाला, "डोन मेलितोन, मी नेहमीच हसतो. दात पुढे आहेत." असेल.

एर्मेलिंदा पाव घ्यायला आली नव्हती. परवापासून दिसलीच नाही. मेणबत्ती आणली म्हणून आता पस्तावत असेल. किंवा काहीतरी शिजवतेय.

९ मे, शनिवार

नाबोर आला. दुपारच्या बसने. खांद्यावर एक विणलेली खुर्ची, आईसाठी. जाड झालाय. कानाजवळ पांढरे केस, माझ्यापेक्षा लवकर. चौकातून चालत आला. बाकांवरचे लोक बघत होते. तो 'नमस्कार' म्हणाला, ते 'नमस्कार' म्हणाले. झालं.

घरात शिरला तर भिंतीशी मेणबत्त्यांचा ढीग, चाळीस तरी असतील. तोमासाने एकही टाकू दिली नाही, लाइट जाते म्हणते.

"कोण मेलं?" त्याने विचारलं.

तू, म्हटलं.

आधी माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. मग असा हसला की खुर्ची खाली ठेवावी लागली. मीही. तोमासा आम्हा दोघांवर ओरडत होती आणि हसत होती.

मग मशीनकडे गेला. लांबून बघत राहिला. मी वायर काढून ठेवली होती, भिंतीतून. त्याला दिसावी म्हणून. त्याने बघितलं.

"अजून कधी कधी ऐकू येतं," म्हणाला. "तुझाच आवाज. पण आता मला कळतं की तू नाहीस."

म्हटलं, जेव.

जेवताना विचारलं, उद्या आईचा दिवस. तुझं नाव घेऊ का? नको म्हणालास तर नाही घेणार.

त्याने तोर्तियाचे तुकडे केले.

"घे," म्हणाला. "पण खरं काय ते सांग. आणि एकदाच."

लुसिला आली होती संध्याकाळी, गाउदेन्सियोबरोबर, चरबी तळलेली घेऊन. माझ्या हातावर ओठ टेकवले तिने, धर्मकन्या टेकवते तसे. दोन वर्षांनी. दुकानापुढे रांग आज अकराला का होईना पण लागली होती, म्हणाली.

१० मे, रविवार

उत्तरेतून तीस नमस्कार आले, तीस वाचले. मग, "तोमासाला तिच्या नाबोरचा नमस्कार, इथूनच, शेजारच्या खुर्चीवरून." एकदाच.

गाणं संपत आलं तेव्हा एर्मेलिंदा आली. दरवर्षी सगळ्यात आधी येते, रोकेची चिठ्ठी घेऊन. मी हात पुढे केला. चिठ्ठी नव्हती. तिच्या अंगाला पावाचा वास येत होता.

"रोके उत्तरेत नाही," म्हणाली. "घरात आहे. मागच्या खोलीत. नऊ वर्षं."

आठ पाव! नऊ वर्षं तिची चिठ्ठी मीच वाचत आलो. सगळ्या गावावर संशय घेतला, त्या कागदावर कधी घेतला नाही.

माईकसमोर बसली. केस नीट केले. "चालू कर," म्हणाली. "आणि मेलितोन, मध्येच बंद केलंस तर बघ. मेणबत्त्या मला नकोत."

चालू केलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.